तुम्ही कारभारी सोडलात तेव्हा

मुश्ताकभाई, तुमच्या जनाज्याला विजयने खांदा दिला. हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं, म्हणून आधी तेच सांगते.

सनाचा फोन सकाळी आला. "आंटी, अब्बू गेले," एवढंच बोलली तुमची पोरगी, आणि मग फोन तिच्या मामांनी घेतला. झोपेतच गेलात म्हणे. मी साडी बदलून पर्स घेऊन दाराशी आले, तर विजय चप्पल घालून जिन्यात उभा होता. नवऱ्याला मी चल म्हटलं नव्हतं. अमरावतीहून निघालो. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. अकोल्यात शिरताना तो म्हणाला, "मला आत येऊ देतील का गं?"

"मयतीच्या घरी कोण कोणाला अडवतं," मी म्हटलं. 

जठारपेठेत तुमच्या घरासमोर इतकी माणसं होती की आम्हाला गाडी लांब लावावी लागली. मी आत बायकांत जाऊन बसले. तुम्हाला उचललं तेव्हा खिडकीतून पाहिलं. विजय गर्दीच्या कडेला उभा होता, परीक्षेला उशिरा आलेल्या पोरासारखा. मग त्याने खिशातून रुमाल काढून डोक्याला बांधला आणि पुढे झाला. तुमच्या धाकट्या भावाने काही न विचारता बाजूला होऊन त्याला जागा दिली. तुमच्या भावाला काहीच माहीत नसावं, किंवा सगळं माहीत असावं. मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

विजय तुम्हाला सरळ कब्रस्तानापर्यंत पोचवून आला. परतीच्या वाटेवर तो खांदा चोळत होता. मी विचारलं, "दुखतोय?" तो नाही म्हणाला आणि चोळतच राहिला.

*

आज शाळेतून आल्यावर मी तुमचा विचार करत बसले, तर मला तुम्ही पहिल्यांदा दिसलात ते कूलर खांद्यावर घेऊन जिना चढताना. राजापेठेत विजयच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये तुम्ही तो बसवायला आला होतात. एम.ए. मराठी करून, नोकरीची वाट बघून कंटाळून, वडिलांच्या कूलरच्या दुकानात बसलेला माणूस, हे आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी रविवार होता. बाकं भिंतीला लावून आमची नाटकाची तालीम चालली होती. तुम्ही कूलर बसवलात, पाणी भरलंत, चालू करून दाखवलात आणि मग गेलाच नाहीत. दाराला टेकून बघत राहिलात.

नाटक जुनं, परदेशी. कोणीतरी कधीकाळी मराठीत आणलेलं. विजयने त्याला आपल्याकडचे कपडे चढवले होते. एक किल्लेदार, शूर, सरळ मनाचा. त्याची बायको. आणि त्याचा कारभारी, ज्याच्यावर किल्लेदाराचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास. तो कारभारी किल्लेदाराच्या कानात बायकोबद्दल थेंब थेंब विष ओततो. किल्लेदार बायकोचा जीव घेतो, आणि ती निर्दोष होती हे त्याला तिचं प्रेत समोर असताना कळतं. विजय किल्लेदार. मी किल्लेदारीण. कारभारी काही सापडत नव्हता. जो यायचा तो डोळे बारीक करायचा आणि मिशीवरून हात फिरवायचा.

विजयने तुम्हाला सहज म्हटलं, "बघता का वाचून?" तुम्ही हात पँटला पुसलेत, संहिता घेतलीत आणि वाचलंत. डोळे बारीक केले नाहीत. जिवलग मित्राचं घर मोडताना बघवत नाही अशा माणसाच्या आवाजात तुम्ही वाचलंत. त्या उन्हाळ्यात, नव्या कूलरच्या वाऱ्यात, माझ्या अंगावर काटा आला.

तुम्ही नंतर मला समजावलं होतं. "लोकायनं बी कारभाऱ्यावर भरोसा ठेवला पायजे, वहिनी. पयल्याच अंकात समजलं का हा हरामखोर हाये, तं किल्लेदार बावळट दिसते. किल्लेदार बावळट नाई. कारभारी चांगला मानूस दिसते, हेच तं खरं दुखनं हाये."

आपण ते नाटक किती ठिकाणी केलं! अमरावती, अकोला, यवतमाळ. नांदगाव खंडेश्वरला शाळेच्या मैदानात केलं, तो प्रयोग मला सगळ्यात जास्त आठवतो. ते विजयचं गाव आणि दिलीपचंही. दिलीप विजयचा बालमित्र. आमच्या नाटकाचा तो सगळंच होता. प्रकाशयोजना तो बघायचा, तिकिटं तो खपवायचा, विंगेत बसून वाक्यं तो पुरवायचा, आणि एखाद्या दूताची नाहीतर शिपायाची बारकी भूमिकाही करायचा. तालीम लांबली की मला स्कूटरवर घरी तोच सोडायचा. प्रयोगानंतर जेवण त्याच्याच घरी होतं. त्याची आई भाकरी वाढत तुमच्यापाशी आली आणि थांबली. तुमच्याकडे बघत म्हणाली, "याले वाढू का नको वाढू? यानं त्या बाईचा जीव घेतला." आपण सगळे पोट धरून हसलो. दिलीप सगळ्यात जास्त हसला.

दिलीपला कारभारी हवा होता, हे तुम्हाला माहीत होतं का? तुम्ही यायच्या आधी त्याने विजयकडे एकदा मागितला होता. सबंध नाटक त्याला पाठ होतं. विजय चारचौघांत म्हणाला, "तुला बघितलं की लोक खिसा सांभाळतील रे!" दिलीप तेव्हाही हसला होता.

*

आपली भांडणं चहाच्या सुट्टीत व्हायची, आणि एकच भांडण असायचं. गुन्हा कोणाचा?

तुम्ही, कारभारी करणारा माणूस, कायम किल्लेदाराला फासावर द्यायला निघालेले. "कारभाऱ्यानं दार लोटलं फक्त. दार उघडंच होतं."

"म्हणजे लोटणारा सुटला?" मी विचारायची.

"नाई सुटला. पन त्याले फासी देल्ल्यानं किल्लेदार सुटत नाई. त्यानं बायकोले एक डाव नीट विचारलं असतं, समोर बसवून, तं नाटक तिथीच संपलं असतं."

विजय म्हणायचा, अहो, तो तिच्यावर जीव टाकतो म्हणून तर आंधळा होतो. तुम्ही मान हलवायचात. "जीव टाकते तं विचारते, सर."

आणि मी चिडायची ती दोघांवरही. तुम्ही दोघं बसून कोणाचा गुन्हा किती ते ठरवताय, आणि मरतेय मी. दर प्रयोगाला मीच मरते, आणि सबंध नाटकात मला कोणी धड बोलू देत नाही. एकदा मी हे ओरडूनच म्हटलं. तुम्ही कप खाली ठेवलात आणि फार गंभीरपणे म्हणालात, "हे खरं हाये." पुढच्या तालमीत तुम्ही विजयच्या मागे लागून शेवटच्या प्रवेशात मला चार वाक्यं वाढवून घेतलीत. वाक्यंही तुम्हीच लिहिलीत. ती वाक्यं म्हणताना मला पहिल्यांदा वाटलं की किल्लेदारीण नुसती मरत नाही, तिला काही म्हणायचं आहे. मुश्ताकभाई, त्या चार वाक्यांसाठी मी तुम्हाला कधी नीट धन्यवाद दिले नाहीत. तेव्हा वाटलं होतं, देऊ कधीतरी.

*

मग आमच्या घरात ते सुरू झालं.

आधी विजय गप्प राहायला लागला. मग आपल्या दोघांचा जो प्रवेश होता, त्याच्या तालमी तो टाळायला लागला. एक दिवस जेवताना त्याने विचारलं, "कूलरच्या दुकानात गेली होतीस का?" गेले होते. कूलरची मोटर बिघडली होती, ती तुमच्याकडे टाकून आले होते. त्याला सांगितलंही. तो "हं" म्हणाला. त्या "हं"चा अर्थ मला समजायला बरेच दिवस लागले.

शेवटी एका दुपारी त्याने सरळ विचारलं. तुमचं नाव घेऊन विचारलं. मला हसू आलं, खरंच हसू आलं, इतकं ते कुठल्या कुठे होतं. ते हसणं त्याला वेगळंच वाटलं. "सगळे बोलतात," तो म्हणाला. मी विचारलं, "सगळे म्हणजे कोण?"  मग तो म्हणाला, "आणि माणूस तरी कोण निवडलास!"

पुढचा शब्द त्याने उच्चारला नाही. उच्चारायची गरजही नव्हती. ज्या माणसाच्या घरी आम्ही ईदला शिरखुर्मा खायचो, जो आमच्या गणपतीला आरतीपर्यंत थांबून प्रसाद घेऊन जायचा, त्याच्याबद्दल माझ्या नवऱ्याच्या मनात तो शब्द कुठेतरी खाली पडून होता. संशयाने तो वर आला. त्या दिवशी मला विजयची भीती वाटली नाही, पण किळस आली. हे मी त्याला आजवर सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगितलं नव्हतं. आता सांगते.

तुम्हाला मी काहीच कळवलं नाही, तरी तुम्ही ओळखलंत. तालमीत तुम्ही स्टेजवर आलात की विजय नजर चुकवायचा. किल्लेदाराने कारभाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं असतं त्या वाक्यालासुद्धा. दोन-तीन तालमी तुम्ही बघितलंत आणि एका रविवारी भर दुपारी घरी आलात. मी पाणी आणलं. तुम्ही बसलात. विजय समोर.

"सर," तुम्ही म्हणालात, "कोनं सांगतलं ते मी विचारत नाई. कसं सांगतलं ते सांगू?"

 मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"पयले तो कायी बोललाच नसंन. तुमीच विचारलं असंन, कारे, चेहरा कावून उतरला? तो म्हनला असंन, जाऊ द्या, कायी नाई. मंग तुमाले झोप आली नसंन. मंग त्यानं माही तारीफ केली असंन. मुश्ताक लय चांगला मानूस हाये, मी त्याच्याबद्दल वाईट आयकूनच घेत नाई. अन् सगळ्यात शेवटी त्यानं तुमाले शपथ घातली असंन, का वहिनीले यातलं कायी विचारू नका, त्यायले दुःख होईन."

विजयचा चेहरा पांढरा पडत गेला. मला कळलं की अगदी असंच झालेलं आहे, शब्दाला शब्द. मला वाटलं, सुटलो. मी खरंच मनात म्हटलं, सुटलो आपण.

विजय म्हणाला, "इतकं बारीक तुम्हाला कसं माहीत?"

"मी हेच काम करतो ना सर, तुमच्याच नाटकात."

"तेच म्हणतोय मी," विजय म्हणाला. "तुम्हाला सवय आहे."

 तुम्ही ग्लासातलं पाणी सगळं प्यायलात, ग्लास ट्रेमध्ये ठेवलात, मला "येतो वहिनी" म्हणालात आणि गेलात. चप्पल घालताना तुमचा तोल जरासा गेला. तुम्ही भिंतीला हात टेकलात. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी तुमचा निरोप आला की तुम्ही कारभारी करणार नाही. आणि महिना-दीड महिन्यात कळलं की दुकान भावाकडे सोपवून तुम्ही नसीमभाभींच्या माहेरी, अकोल्याला निघून गेलात. तिथे नवं दुकान टाकताय म्हणे.

राजापेठेत ज्यांनी ही गोष्ट ऐकलीही नव्हती त्यांनी ती आता ऐकली. ज्यांचा विश्वास नव्हता त्यांचा बसला. कायी नसतं तं गेला कावून असता?

*

कारभारी दिलीपला मिळाला.

त्याने तो फार वाईट केला. पहिल्याच प्रवेशाला डोळे बारीक, ओठाला मुरड. पहिल्या दोन प्रयोगांत तो विंगेतून बाहेर आला की लोक हसायचे. तुम्ही सांगितलं होतं तेच झालं, किल्लेदार बावळट दिसायला लागला. आणि विजयला बावळट दिसणं सहन होत नव्हतं. म्हणून त्याने पुन्हा तालमी लावल्या. दिलीपला म्हणाला, "अरे, अभिनय करू नकोस. नुसतं बोल. माझ्याशी एरवी बोलतोस तसं बोल."

दिलीप तसं बोलला. किल्लेदार विचारतो, काय झालं? कारभारी म्हणतो, जाऊ द्या, काही नाही. दिलीपने ते वाक्य इतकं सहज, इतकं खरं म्हटलं की मी वळून बघितलं. विजय जागीच थांबला. त्याला पुढचं वाक्य सुचेना. आणि दिलीपने, विंगेत बसायची वर्षानुवर्षांची सवय, हळूच विजयचं पुढचं वाक्य त्याला पुरवलं.

विजय ते वाक्य बोलला नाही. त्याने संहिता मिटली, सगळ्यांना घरी जा म्हणाला आणि बाकं एकट्याने ओढून जागेवर लावली. मी मदतीला गेले तर म्हणाला, "मला ते सांगणारा दिलीप होता. असंच, याच आवाजात."

मी म्हटलं, "हो."

"तुला माहीत होतं?"

"त्याचं ते वाक्य ऐकेपर्यंत नव्हतं. पण मुश्ताकभाई नव्हते, एवढं माहीत होतं. आणि मी नव्हते, हेही माहीत होतं. तू नीट विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

त्यानंतर ते नाटक आम्ही पुन्हा केलं नाही. विजयने दिलीपला येऊ नकोस म्हणून सांगितलं. दिलीप तावातावाने म्हणाला, मी तुझ्याच भल्यासाठी सांगितलं होतं, मला जे दिसलं ते सांगितलं. मला वाटतं, त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला असावा. तो अजून इथेच असतो. बाजारात भेटला की पिशवी धरायला पुढे होतो, वहिनी बरं आहे ना विचारतो. इतक्या वर्षांनी मी ठरवू शकलेले नाही की त्याने ते कशासाठी केलं. एका भूमिकेसाठी? की तुम्ही आल्यापासून विजय दर गोष्टीला "मुश्ताकभाईंना विचारू" म्हणायला लागला होता, त्यासाठी? बालमित्र होता तो. त्याला कधीपासून कोणी काही विचारत नव्हतं.

आणि विजय? "जाईन अकोल्याला," तो म्हणायचा. "समोरासमोर माफी मागेन." उन्हाळा गेला, दिवाळी गेली. एकदा त्याने माझ्यासमोर तुम्हाला फोन लावला. तुम्ही उचललात.  विजय म्हणाला, "मुश्ताकभाई, आमच्या कूलरची मोटर फार आवाज करतेय हो." आणि तुम्ही दोघं कितीतरी वेळ त्या मोटरीबद्दल बोलत राहिलात. तुम्ही त्याला तेल कुठे सोडायचं, पंखा कसा सैल करायचा, सगळं सांगितलंत. फोन ठेवून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. मोटर ठीक होती आमची. तुम्हालाही हे कळलं असणार. मग तुम्ही तरी का नाही म्हणालात, सर, मोटरीचं राहू द्या?

*

मी मात्र आले होते. पेपर तपासायला अकोल्याला आले तेव्हा काम आटोपून सरळ तुमच्या दुकानात शिरले. तुम्ही उठून उभे राहिलात, खुर्ची पुसलीत, चहा सांगितलात. मी बसलेही नाही. इतकी वर्षं शाळेत शिकवून माझी भाषा पुस्तकी झालेली, पण त्या दिवशी तोंडातून गावचीच निघाली. "कावून गेले तुमी?"

"बसा तं खरं, वहिनी."

"नाई बसत. तुमी गेले अन् खोटं होतं ते खरं झालं. मी तिथीच राहत होती. मले रोज त्याच रस्त्यानं जा लागत होतं."

तुम्ही खाली बघत होतात. मग म्हणालात, "तुमच्या घरात भांडन झालं असतं, वहिनी. माह्या गल्लीत काय झालं असतं ते तुमाले मालूम नाई. हे दिवस कसे हायेत? एका मानसानं ती गोष्ट चौकात नेली असती ना, तं मंग ती तुमची-माही राहिली नसती. दुकानावर दगड आले असते. अन् तुमचं नाव प्रत्येकाच्या मोबाईलवर फिरलं असतं. मी एकटा असतो तं थांबलो असतो."

ते खरं होतं. मला ते तेव्हाही कळलं आणि आज जास्त कळतं. तरी मी म्हटलं, "मला एकदा विचारायचं तरी. त्या नाटकात सगळे तिच्याबद्दल तिच्या माघारी ठरवतात, तसंच तुम्हीही केलंत."

चहा आला होता. तुम्ही कप माझ्याकडे सरकवलात. "हो," तुम्ही म्हणालात. "विचाराले पायजे होतं. चुकलं ते."

माझं भांडण तिथे संपायला हवं होतं. पण तुम्ही इतक्या पटकन मान्य केलंत की मला ते पुरलं नाही. मला वाटत होतं तुम्ही वाद घालाल, पूर्वीसारखा, कप खाली ठेवून. मी चहा प्यायले आणि निघाले. नंतर फोनवर आपण किती बोललो, पण तो विषय पुन्हा काढला नाही. मी म्हणत राहिले, निवांत भेटू तेव्हा काढू.

पुढे सनाला अमरावतीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि तुम्ही तिला हॉस्टेलवर ठेवून आमचा पत्ता दिलात. दर रविवारी ती आमच्याकडे जेवायला यायची. विजय तिला इंग्रजी शिकवायचा. क्लासमधल्या कुठल्या पोराला त्याने इतकं जीव तोडून शिकवलेलं मी पाहिलं नाही. तिने एखादं वाक्य चुकवलं तरी तो आवाज चढवत नसे. तुम्हाला जे म्हणता आलं नाही ते तो त्या पोरीला व्याकरणातून सांगत होता, असं मला वाटायचं. ती घरी येऊन तुम्हाला सांगत असेलच, सर किती चांगले आहेत. तुम्ही ऐकून काय म्हणत होतात, मुश्ताकभाई? एकदा तिला विचारलं. ती म्हणाली, "अब्बू बोलते, सर अच्छे ही हैं."

*

काल मी पुन्हा अकोल्याला गेले. एकटी. नसीमभाभींची इद्दत चालू आहे, तुमच्यामागे चार महिने दहा दिवस त्या घराबाहेर पडत नाहीत, आणि बाहेरच्या पुरुषांसमोर येत नाहीत. विजय म्हणूनच आला नाही. सनाने दार उघडलं आणि मला भाभींपाशी बसवून ती चहाला गेली.

भाभी बारीक झाल्यात. पांढऱ्या ओढणीत त्यांचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा दिसत होता. मी काही बोलायच्या आधी त्यांनीच विचारलं.

"एक गोष्ट पुसू? आता कोनावर रागावाचं नाई, म्हनून पुसतो."

मी मान हलवली.

"तवा तुमच्या नाटकातला एक मानूस माह्याकडे बी आला होता. यायच्या दुकानावर मी डबा घेऊन गेली होती. हे माल आनाले गेले होते. त्यानं मले तुमच्याबद्दल सांगतलं. लय इज्जतीनं सांगतलं. रडून राहिला होता सांगता सांगता."

माझ्या हातातला पदर मी घट्ट धरला.

"मी यायले कायी पुसलं नाई. मंग महिन्याभरात हेच म्हनले, अकोल्याले जाऊ, तुह्या माहेरी. मी म्हनलं, देखो, सच है. तोडून आले ना सगळं. आपल्यासाठी तोडलं. मी खुश झाली, भाभी. अन् मंग मी यायले माफ करून टाकलं. कधी तोंडानं नाई म्हनलं. पन रोज नमाजमध्ये म्हनत होती, या अल्ला, मैंने माफ किया, तू भी कर."

"आणि सनाला माझ्याकडे पाठवलीत?"

"मीच म्हनलं पाठवा. मले पाहाचं होतं, तुमी कशा हाये. पोट्टी येऊन सांगे, आंटीनं हे जेवू घातलं, ते जेवू घातलं. मी म्हनो, ठीक हाये. औरत बुरी नाई." त्या थांबल्या. "आता सांगा. होतं का कायी?"

"नव्हतं, भाभी," मी म्हटलं. "कधीच नव्हतं. तुमच्याबरोबर ते एका घरात राहिले तेवढं खरं. बाकी सगळं खोटं होतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचा विश्वास बसतोय का ते मी शोधत होते. बसला. ते मला दिसलं, आणि त्याहून भयंकर मी आजवर काही बघितलेलं नाही, नाटकात नाही आणि बाहेरही नाही. मला वाटलं होतं त्यांना हलकं वाटेल.

"तुमी हो म्हनल्या असत्या तं सोपं गेलं असतं," त्या म्हणाल्या. "माह्याजोळ त्याचा बंदोबस्त होता. इतकी वर्षं मी त्या मानसाले माफ करत राहिली. जे त्यानं केलंच नाई त्याच्यासाठी. कधी थोडं कमी हसून बोलली, कधी पाठ करून झोपली. मनात म्हनो, एवढं तं त्यानं सहन केलं पायजे. अन् त्यानं केलं सहन. कधी पुसलं नाई, नसीम, तू अशी कावून झाली."

सना चहा घेऊन आली.  ती एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघून पुन्हा आत गेली.

"आता माफी मले मागाची हाये," भाभी म्हणाल्या. "कोनाले मागू? आमच्यातल्या बायका कबरस्तानात जात नाईत. मी तं सध्या उंबराबी ओलांडू शकत नाई."

 मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो माझ्या हातात राहू दिला. चहा गार झाला तो तसाच प्यायलो. निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि चौकटीच्या आत थांबल्या.

मी म्हटलं, "मी सांगते त्यांना."

कसं सांगणार ते मला माहीत नव्हतं आणि त्यांनाही नाही. पण त्यांनी विचारलं नाही. ओढणी सारखी करत त्या म्हणाल्या, "बरं. सांगा."

तर सांगितलं, मुश्ताकभाई.